टाकी भरलेली आहे, पण पाणी किती दिवसांचं आहे?

पाणीपुरवठ्यावर चर्चा होते तेव्हा ती ठरलेल्या चार-पाच गोष्टींभोवती फिरते. धरणात साठा किती, शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती, जलवाहिनी कुठवर पोचली, नळाला पाणी किती वेळ येतं. केंद्र आणि नळ यांच्या मध्ये जी साठवण टाकी असते, मग ती उंच खांबांवरची असो, टेकडीवरची असो की जमिनीखालची, तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो: भरली का? भरली असेल तर कारभार ठीक चालला आहे असं समजायचं, आणि नसेल तर ओरड करायची.

हा प्रश्न अपुरा आहे, आणि वर्षानुवर्षं तोच विचारत राहिल्यामुळे नुकसान झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. टाकी काठोकाठ भरलेली असण्यात पाण्याच्या गुणवत्तेची कसलीही हमी नाही. टाकी रोज किती उतरते, आत आलेलं पाणी किती दिवसांनी बाहेर पडतं, आणि तेवढ्या दिवसांत आत त्याचं काय होतं, यावर नळातल्या पाण्याची प्रत ठरते. आणि नेमक्या याच गोष्टींची नोंद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवत नाही.

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी कितीही चांगलं असलं तरी ते कायम तसंच राहत नाही. त्यात रोगजंतूंपासून बचावासाठी थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो. ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण हा क्लोरीन दर तासाला खर्च होत असतो. पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी त्याची क्रिया होते, टाकीच्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरावर तो खर्ची पडतो, तळाच्या गाळात जिरतो, आणि पाणी जितकं कोमट तितका हा खर्च जलद होतो. म्हणजे टाकीत पाणी साठवून ठेवलं की त्याचं संरक्षण हळूहळू कमी होत जातं. पाणीपुरवठ्यातले लोक याला ‘पाण्याचं वय’ म्हणतात: केंद्रातून निघाल्यापासून नळापर्यंत पोचायला त्याला लागलेला काळ. या वयातला फार मोठा हिस्सा टाकीतच जातो, कारण वाहिनीत पाणी निदान पुढे तरी सरकत असतं.

एक सरळ हिशेब करून पाहू. समजा टाकी दहा लाख लिटरची आहे आणि तिच्यातून रोज दोन लाख लिटर पाणी वापरलं जातं. रोज दोन लाख लिटर उपसलं जातं आणि तेवढंच पुन्हा भरलं जातं. वरवर पाहिलं तर पाच दिवसांत सगळं पाणी बदललं असं वाटतं. तसं होत नाही. नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि उपसलं जातं ते दोन्हींचं मिश्रण. आज टाकीत जे पाणी आहे त्यातला सुमारे तिसरा हिस्सा पाच दिवसांनंतरही आतच असतो, आणि दहाव्या दिवशीही दहावा हिस्सा उरलेला असतो. आता धरून चालू की येणाऱ्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन आहे आणि तो दिवसभरात निम्मा होतो. काही दिवसांत ही टाकी एका ठरावीक चक्रात स्थिरावते: भरल्यावर क्लोरीन ०.३३ आणि दुसऱ्या दिवशी भरण्याआधी ०.१७. किमान मर्यादा ०.२ आहे. म्हणजे केंद्रात १ मिलिग्रॅमची चोख नोंद होत असताना याच टाकीवरच्या घरांना दिवसाचा काही काळ अपुऱ्या संरक्षणाचं पाणी जातं, तेही टाकीच्या तोंडाशीच. पुढे वाहिनीत आणखी घट होते ती वेगळीच.

आता त्याच टाकीत पाण्याची पातळी निम्म्यावर ठेवा. पाच लाख लिटर साठा, वापर तोच दोन लाखांचा. भरल्यावर क्लोरीन ०.५७ आणि भरण्याआधी ०.२९ राहतो. क्लोरीन एक कणही वाढवला नाही, टाकी बदलली नाही, पंप बदलला नाही. पातळी बदलल्याबरोबर क्लोरीन किमान मर्यादेच्या वर राहू लागला. पूर्ण भरलेल्या टाकीत हाच परिणाम क्लोरीन वाढवून साधायचा असेल तर मात्रा १ वरून १.७ च्या आसपास न्यावी लागेल. प्रत्यक्षात प्रत्येक पाण्यात क्लोरीन संपण्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे आकडे बदलतील, पण दिशा बदलणार नाही.

वरच्या हिशेबात मी एक उदार गृहीतक धरलं आहे: टाकीतलं पाणी पूर्ण मिसळतं. खऱ्या टाकीत बऱ्याचदा तसं घडत नाही. अनेक टाक्यांना पाणी आत येण्यासाठी आणि बाहेर जाण्यासाठी तळाशी एकच पाइप असतो. भरताना आलेलं गार पाणी जड असल्यामुळे तळाशीच पसरतं, आणि वापर सुरू झाला की तेच आधी बाहेर पडतं. वरचं पाणी, जे छताच्या उष्णतेने थोडं कोमट झालेलं असतं, ते तसंच वर तरंगत राहतं. उंच आणि अरुंद टाकीत तर तळ आणि पृष्ठभाग यांत एखाद्या अंशाचा फरकही दोन थर वेगळे ठेवायला पुरतो. आज आलेलं पाणी आज बाहेर जातं आणि मागच्या पंधरवड्यात आलेलं वर बसून राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला पातळी रोज खालीवर होताना दिसते, त्यामुळे पाणी बदलतंय असा समज होतो.

हे मिश्रण कशाने होतं? आत शिरणाऱ्या धारेच्या जोराने. धार पुरेशा वेगाने आणि पुरेसा वेळ शिरली तर ती आजूबाजूचं पाणी ओढून घेत सगळी टाकी ढवळून काढते. मोठ्या व्यासाच्या पाइपातून संथपणे शिरलेलं पाणी हे काम करू शकत नाही. पातळी थोडी उतरली की लगेच पंप लावून पुन्हा वर आणायची, ही जी सवय असते ती इथे घातक ठरते. धार सुरू होते न होते तोच बंद होते आणि वरचा थर जागचा हलतही नाही. त्यापेक्षा पातळी चांगली खाली जाऊ द्यावी आणि मग एकदाच सलग दीर्घकाळ भरावी. आत येणाऱ्या पाइपाचं तोंड अरुंद करणं, ते वरच्या दिशेला वळवणं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे करणं, हे सगळे साध्या नळकामाचे उपाय आहेत. ते पुरले नाहीत तर टाकीत बसवायचे यांत्रिक ढवळकही मिळतात.

थर बसलेलं पाणी काय करू शकतं हे अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या गिडियन गावाने १९९३ मध्ये अनुभवलं. जेमतेम अकराशे वस्तीचं गाव, पाणी खोल विहिरींचं आणि चांगलं, म्हणून क्लोरीन न देताच पुरवलं जाई. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवा एकदम गारठली आणि लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या की पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे. तक्रारींची दखल घेऊन १० नोव्हेंबरला गावातले हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठी रस्त्याकडेला बसवलेले मोठे नळ, एकेक करून उघडले गेले आणि वाहिन्या धुऊन काढल्या गेल्या. त्यानंतर गावात साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूची साथ पसरली. साडेसहाशेच्या वर लोक आजारी पडले आणि शुश्रूषागृहात राहणारे सात वृद्ध दगावले.

तपासणाऱ्यांनी लावलेली संगती पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. गावच्या जाळ्याला जोडलेल्या टाक्यांपैकी एक खाजगी टाकी होती. तिच्यात पक्ष्यांना शिरायला वाव होता, आणि तिच्या तळाच्या गाळात साल्मोनेला सापडला. थंडीच्या लाटेने वरचं पाणी गार होऊन जड झालं, खाली गेलं आणि इतके दिवस वेगळं राहिलेलं साचलेलं पाणी सगळीकडे मिसळलं. वास आणि चव बदलली ती यामुळे. मग हायड्रंट उघडल्यावर जाळ्यातून एका दमात एवढं पाणी ओढलं गेलं की एरवी फारसं न हलणारं त्या टाकीतलं पाणी गावात पोचलं. तक्रार करणारे लोक बरोबर होते. वाहिन्या धुणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. फक्त धुण्याआधी टाकीत डोकावून पाहण्याची कुणाला गरज वाटली नाही, कारण वास आला की दोष वाहिनीचा, अशी सगळ्यांच्या डोक्यात बसलेली समजूत होती.

पातळी खाली आणा म्हटलं की व्हॉल्व्ह चालवणारे लोक पहिला आक्षेप घेतात तो गाळाचा. टाकी फार उतरवली की तळचं गढूळ पाणी वाहिनीत जातं आणि तासाभरात फोन खणखणू लागतात. हा आक्षेप अगदी खरा आहे. मात्र त्यातून एक दुष्टचक्र तयार होतं. गाळ वर येईल म्हणून टाकी उतरवत नाहीत, उतरवत नाहीत म्हणून पाणी हलत नाही, हलत नाही म्हणून आणखी गाळ बसतो. या गाळात बारीक माती असते, लोह आणि मँगनीजचे कण असतात, भिंतीवरून सुटलेले पापुद्रे असतात, आणि त्यांच्या आडोशाला जंतू राहतात ज्यांच्यापर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही. गाळाच्या भीतीने भरलेली ठेवलेली टाकी दर महिन्याला अधिक घाबरण्यासारखी होत जाते. हे चक्र तोडायचं तर आधी टाकी साफ करावी लागेल आणि त्यानंतर लगेच चालवण्याची पद्धत बदलावी लागेल. साफसफाई करून पुन्हा जुन्याच पद्धतीने काठोकाठ भरत राहिलो तर तो सगळा खर्च वाया गेला समजावा.

दुसरा आक्षेप आणीबाणीचा. आग लागली, वीज गेली, मुख्य वाहिनी फुटली तर? भरलेल्या टाकीचाच तर तेव्हा आधार असतो. या प्रश्नाला उडवून लावणं मला मान्य नाही, कारण आगीच्या वेळी कोरडा पडलेला हायड्रंट हेही जीवितहानीचं कारण ठरतं. पण आणीबाणीचा साठा किती लागतो हे मोजून ठरवता येतं, आणि ते मोजल्याशिवाय शंभर टक्के भरून ठेवणं म्हणजे एका संभाव्य संकटासाठी रोजच्या पाण्याची प्रत पणाला लावणं आहे. आपल्या हिशेबातल्या टाकीत निम्म्या पातळीवर भरल्यावरही अडीच दिवसांचा वापर शिल्लक असतो, आणि रोजचा उपसा झाल्यावरही दीड दिवसाचा. कित्येक गावांना इतक्या राखीव साठ्याची गरजच नसते. जिथे असते तिथे टाकीचे दोन कप्पे करून ते आलटून पालटून फिरते ठेवता येतात, वापर घटतो त्या ऋतूत पातळी खाली आणता येते, एक कप्पा धुताना दुसरा चालू ठेवता येतो. दाबाचंही तसंच. उंच टाकीत पातळी दोन मीटरने उतरली तर नळावरचा दाबही दोन मीटरच्या स्तंभाएवढाच कमी होतो. जाळ्यातल्या सगळ्यात उंच घराला तो पुरतो की नाही हे दाबमापक लावून एका दिवसात कळतं. अंदाजाने घाबरण्याचं कारण नाही.

मुळात टाकी इतकी मोठी असतेच का? कारण ती पुढच्या पंचवीस-तीस वर्षांची लोकसंख्या धरून बांधली जाते. नियोजन म्हणून ते योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की टाकी सर्वांत नवी असते तेव्हा तिच्यातलं पाणी सर्वांत जास्त दिवस थांबलेलं असतं. उद्घाटनाच्या वर्षी वापर कमी, साठा प्रचंड. नव्या टाकीचं पाणी अर्थातच चांगलं, असं धरून चालण्यापेक्षा तिच्याकडे सुरुवातीच्या वर्षांत जास्त लक्ष द्यायला हवं. भविष्यासाठी बांधलेली पूर्ण क्षमता पहिल्याच दिवसापासून वापरायची, असा कुठेही नियम नाही.

या सगळ्यावर क्लोरीन वाढवणं हे सोपं उत्तर आहे, आणि तेच सर्रास दिलं जातं. क्लोरीनबद्दल मला आदर आहे. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी तो नियमितपणे द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही दशकांत टायफॉइडसारखे आजार शहरांतून हटत गेले. त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. पण १९७४ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानस रूक यांनी दाखवून दिलं की क्लोरीन आणि पाण्यातली नैसर्गिक सेंद्रिय द्रव्यं यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. ट्रायहॅलोमिथेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संयुगांवर आज अनेक देशांत मर्यादा आहे. अमेरिकेत ती लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. ही संयुगंही वेळेनुसार वाढत जातात. म्हणजे रेंगाळलेल्या पाण्यात जास्त क्लोरीन ओतला की संरक्षण तात्पुरतं मिळतं आणि नको ती संयुगं वाढत राहतात. टाकीच्या जवळच्या घरांना पाणी उग्र लागतं, शेवटच्या टोकाला तरीही क्लोरीन पोचत नाही, आणि उग्र चवीला कंटाळून लोक दुसऱ्या, कदाचित असुरक्षित पाण्याकडे वळतात.

शिवाय क्लोरीनला न जुमानणारे जंतू आहेतच. इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या परिसरात जून २००८ मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं, कारण पुरवठ्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडवणारा परजीवी सापडला होता. शोध घेतल्यावर शुद्धीकरण केंद्रातल्या एका टाकीत मेलेला ससा मिळाला. वीसहून अधिक लोकांना लागण झाल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं. केंद्र आधुनिक होतं, क्लोरीन दिला जात होता, पण या परजीवीच्या कवचापुढे नेहमीच्या मात्रेतला क्लोरीन निष्प्रभ असतो. एका सशाला आत यायला वाट मिळाली आणि अख्ख्या यंत्रणेची मेहनत फुकट गेली. उलट टोकाचं उदाहरण नेदरलँड्सचं. तिथे वितरणाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक ठेवत नाहीत. हे त्यांना परवडतं ते पाणी आधीच जंतूंना पोसणार नाही इतकं स्वच्छ केल्यामुळे, जाळ्यातली गळती अगदी कमी आणि दाब सतत राखल्यामुळे आणि साठवण बंदिस्त राखल्यामुळे. प्रत्येकाने क्लोरीन बंद करावा असं मी सुचवत नाही. जिथे जाळ्यात गळती आहे, दाब जातो, तिथे तसं करणं धोक्याचंच ठरेल. पण बंदिस्त टाकी आणि फिरतं पाणी यांची जागा क्लोरीन घेऊ शकत नाही, एवढं या दोन्ही उदाहरणांतून दिसतं.

बंदिस्त टाकी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. टाकीला किमान तीन वाटा असतात ज्यांतून बाहेरचं जग आत येऊ शकतं. माणूस आत उतरण्यासाठीचं झाकण, हवा खेळण्यासाठीचा पाइप आणि जादा पाणी बाहेर जाण्याचा ओव्हरफ्लो. हवेचा पाइप बंद करता येत नाही, कारण पाणी उतरताना तेवढीच हवा आत शिरावी लागते. म्हणून त्याचं तोंड खाली वळवून त्यावर बारीक, न गंजणारी जाळी लावतात. ही जाळी फाटली की चिमण्या-कबुतरं, पाली, किडे यांना वाट मोकळी. झाकणाचा कठडा सपाट असेल तर पावसाचं पाणी पक्ष्यांची विष्ठा घेऊन कडेने आत झिरपतं. कठडा छतापेक्षा उंच हवा आणि झाकण त्यावरून खाली वळलेलं हवं, कडेला रबरी पट्टी हवी, कुलूप हवं. ओव्हरफ्लोचं तोंड गटारात बुडालेलं नसावं आणि त्यावर झडप असावी. भेगा, गळके सांधे, केबल आत नेण्यासाठी पाडलेली आणि न बुजवलेली भोकं, ही यादी आणखी लांबवता येईल. यातलं एकही काम तज्ज्ञाचं नाही. शिडी, बॅटरी आणि टिपणवही घेऊन वर चढलेल्या माणसाला हे सगळं दिसतं. अडचण आहे ती ठरावीक दिवशी वर चढायला कुणी नेमलेलं नसतं, याची.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या अलामोसा शहरात मार्च २००८ मध्ये साल्मोनेलाची साथ आली तेव्हा हेच उघड झालं. गिडियनप्रमाणे तिथेही खोल विहिरींचं पाणी, तिथेही क्लोरीन नाही. जमिनीवरच्या एका जुन्या साठवण टाकीला भेगा आणि भोकं पडली होती आणि त्यांतून प्राण्यांची विष्ठा आत गेली असावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. सुमारे नऊ हजार वस्तीच्या शहरात ४४२ रुग्णांची नोंद झाली, प्रत्यक्षात तेराशेपर्यंत लोक आजारी पडले असावेत असा अंदाज होता, आणि एकाचा मृत्यू झाला. पुढे त्या राज्याने टाक्यांची तपासणी लेखी आराखड्यानुसार करणं आणि दर पाच वर्षांनी सखोल तपासणी करणं बंधनकारक केलं. नियम आला तो माणूस गेल्यावर. इतर ठिकाणी तरी तेवढी वाट पाहिली जाऊ नये.

तपासणीचा दुसरा भाग म्हणजे नमुना, आणि इथे मोठी फसगत होते. येण्याजाण्याचा एकच पाइप असलेल्या टाकीच्या तळाशी नमुन्याचा नळ असतो. भरणं चालू असताना त्या नळातून नमुना घेतला तर हातात येतं ते थेट केंद्रातून आलेलं ताजं पाणी. क्लोरीन ०.८ भरतो, वहीत प्रामाणिकपणे ०.८ लिहिलं जातं, आणि टाकीतल्या पाण्याबद्दल त्या आकड्यातून काहीही कळत नाही. नमुना उपसा चालू असतानाच घ्यायला हवा, आणि शक्य असेल तर तळ, मध्य आणि पृष्ठभाग अशा तीन उंचींवरून. जंतूंच्या चाचणीचं उत्तर यायला साधारण १८ ते २४ तास लागतात, तोवर पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असतं. म्हणून जागेवर लगेच कळणाऱ्या गोष्टी रोज पाहिल्या पाहिजेत: क्लोरीन, गढूळपणा आणि तापमान. यांतलं तापमान सगळ्यात दुर्लक्षित आहे. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या तापमानात फरक दिसला की पाणी मिसळत नाही, हे साध्या थर्मामीटरवर समजतं. एवढं स्वस्त आणि एवढं बोलकं मोजमाप या क्षेत्रात दुसरं नसेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये वितरणाच्या प्रत्येक टाकीतून आठवड्याला नमुना घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि वर्षभरातल्या किमान ९५ टक्के नमुन्यांत कोलिफॉर्म जंतू, म्हणजे बाहेरची घाण आत आल्याची खूण मानले जाणारे जंतू, सापडता कामा नयेत. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ‘प्रत्येक टाकी’ या शब्दांत आहे. केंद्र आणि नळ इथेच मोजमाप होत असेल तर नळाला दोष सापडल्यावर तो कुठून आला हे शोधायला आठवडे जातात, आणि मधल्या काळात केंद्र वाहिनीकडे बोट दाखवतं, वाहिनीवाले ग्राहकाच्या घराकडे. टाकीला स्वतःचा क्रमांक, स्वतःची नोंद आणि जबाबदार माणसाचं नाव असेल तर हा खेळ थांबतो. ही नोंद कार्यालयाच्या कपाटात न राहता लोकांसमोर यायला हवी. टाकीची क्षमता आणि बांधकामाचं वर्ष तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं. तिथेच या आठवड्याचा क्लोरीन, पाण्याचं सरासरी वय आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहायला काय हरकत आहे?

पाण्याचं वय काढणं अवघड आहे असंही कुणी म्हणू नये. रोज किती पाणी आलं, किती गेलं आणि पातळी किती राहिली, एवढ्या तीन आकड्यांवरून ढोबळ वय निघतं. अधिक नेमकं हवं असेल तर एपानेट हे जाळ्याचं गणित करणारं संगणकीय साधन १९९३ पासून मोफत उपलब्ध आहे. अनेक तज्ज्ञ टाकीतलं पाणी तीन ते पाच दिवसांत पूर्ण बदललं जावं असं सुचवतात. हे उद्दिष्ट म्हणून ठीक आहे, पण उष्ण हवेत आणि लवकर क्लोरीन खाणाऱ्या पाण्यात त्याहून कमी मुदत धरावी लागेल.

साफसफाईबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. टाकी धुण्याचं काम बहुधा कंत्राटावर सोपवलं जातं आणि आत उतरतो तो सगळ्यात कमी मोबदला मिळवणारा माणूस. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, क्लोरीनची वाफ साचलेली असू शकते, शिडी निसरडी असते. आत उतरण्याआधी हवा तपासणं, हवा खेळती ठेवणं, कमरेला दोर आणि वर लक्ष ठेवणारा दुसरा माणूस, याशिवाय कुणालाही आत पाठवणं गुन्हा मानला पाहिजे. टाकी रिकामी न करता गाळ शोषून घेणारी यंत्रंही आता आहेत. धुऊन झाल्यावर भिंतींवर तीव्र क्लोरीनचं द्रावण मारतात किंवा तसं पाणी भरून ठेवतात. ते पाणी निष्प्रभ न करता ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. आणि जंतूंचा नमुना स्वच्छ आल्याशिवाय टाकी पुन्हा चालू करायची नाही. या गोष्टी कंत्राटात लिहिलेल्या नसतील तर त्या होत नाहीत, असाच सर्वत्र अनुभव आहे.

म्हणून माझी मागणी टाकी मंजूर होते त्या टेबलापासून सुरू होते. आराखड्यात क्षमता, उंची आणि खर्च यांच्या शेजारी सुरुवातीच्या वर्षांतलं पाण्याचं वय किती राहील आणि पाणी मिसळणार कसं, याचा हिशेब असल्याशिवाय मंजुरी देऊ नये. कप्पे किमान दोन असावेत. येण्याजाण्याचे पाइप वेगळे असावेत. तीन उंचींवर नमुन्याचे नळ आणि तापमानाचे मापक असावेत. बांधकाम चालू असताना हे सगळं बसवणं किरकोळ काम आहे. टाकी एकदा भरून गाव तिच्यावर अवलंबून राहिलं की तेच काम करायला पुरवठा बंद ठेवावा लागतो, आणि मग ते पुढच्या वर्षावर ढकललं जातं.